घरपोच मतपत्रिका, दुहेरी सिनेटर आणि महिनाभराची मोजणी : कॅलिफोर्नियाच्या टपाली मतदान सेवेचे परीक्षण

कॅलिफोर्निया राज्यात प्रत्येक सक्रिय नोंदणीकृत मतदाराला, त्याने मागितलेली असो वा नसो, निवडणुकीपूर्वी मतपत्रिका टपालाने घरी येते. कोविडच्या काळात, 2020 मध्ये तात्पुरती म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था 2021 च्या कायद्याने कायमची झाली. कर भरणाऱ्याच्या पैशातून चालणारी आणि लाखो लोक वापरत असलेली ही सेवा आहे, त्यामुळे बँकेची किंवा वीजमंडळाची सेवा आपण जशी पारखतो तशीच तीही पारखायला हरकत नसावी. तिची खरी कसोटी 2024 मध्ये लागली, कारण त्या वर्षी सिनेटच्या (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) एकाच जागेसाठी मतदारांना चार वेळा मत द्यायचे होते. कोणता उमेदवार चांगला होता याची चर्चा मी येथे करणार नाही. मतपत्रिका छापखान्यातून निघून मोजणीच्या यंत्रात पडेपर्यंत सेवेने काय दिले आणि काय दिले नाही, एवढेच पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो: ने-आण उत्तम, तपासणी न्याय्य, मोजणी संथ परंतु सकारण, आणि मतदाराला समजावून सांगण्याचे काम मात्र कच्चे.

चार वेळा मत का, हे कळल्याशिवाय पुढचे काही नीट समजणार नाही. डायॅन फाइनस्टाइन या 1992 पासून कॅलिफोर्नियाच्या सिनेटर होत्या. आपण पुन्हा उभ्या राहणार नाही असे त्यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये जाहीर केले, म्हणजे जागा खुली झालीच होती. परंतु मुदत संपण्यापूर्वी, 29 सप्टेंबर 2023 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यांच्या जागी लाफोन्झा बटलर यांची नेमणूक केली आणि बटलर यांनीही थोड्याच दिवसांत आपण निवडणूक लढवणार नसल्याचे सांगितले. पूर्वी सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांकडून निवडले जात, आपल्याकडे राज्यसभेचे बहुतेक सदस्य निवडले जातात तसेच. सतराव्या घटनादुरुस्तीने 1913 मध्ये तो अधिकार थेट मतदारांना दिला आणि राज्यपालाच्या नेमणुकीला तात्पुरती ठरवले. या तात्पुरतेपणाचा अर्थ कडकपणे लावून कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये आपला कायदा बदलला. त्यामुळे 2024 मध्ये एकाच जागेसाठी दोन स्पर्धा झाल्या: एक 3 जानेवारी 2025 पासून सुरू होणाऱ्या सहा वर्षांच्या पूर्ण मुदतीसाठी, आणि दुसरी त्या तारखेपर्यंतच्या उरलेल्या मुदतीसाठी. प्राथमिक फेरी 5 मार्चला आणि अंतिम फेरी 5 नोव्हेंबरला झाली, म्हणजे दोन दुणे चार. डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार अॅडम शिफ दोन्ही स्पर्धा जिंकले आणि 9 डिसेंबरला त्यांचा शपथविधी झाला. उरलेल्या मुदतीचा त्यांचा काळ चार आठवडेसुद्धा भरला नाही.

एवढ्या काही दिवसांसाठी कोट्यवधी लोकांकडून वेगळे मत मागणे हा पोरखेळ आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटले. मला तसे वाटत नाही. त्याच 2023 मध्ये गिरीश बापट यांच्या निधनानंतर पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेण्याची कायद्यातील तरतूद असताना ती घेतली गेली नाही, मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये निवडणूक घेण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत त्याला स्थगिती दिली, आणि शेवटी 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पुणेकरांना खासदारच नव्हता. तो प्रकार ज्याने पाहिला आहे, त्याला कॅलिफोर्नियाचा हा अतिरेकी नेमकेपणा उलट दिलासा देतो. तक्रार दोन स्पर्धांची नाही. त्या ज्या प्रकारे मतदारासमोर मांडल्या गेल्या, त्याची आहे.

मार्चच्या मतपत्रिकेवर पूर्ण मुदतीच्या स्पर्धेत 27 नावे होती. कॅलिफोर्नियात 2010 च्या सार्वमताने पक्षनिहाय प्राथमिक फेरी बंद झाली; आता सर्व पक्षांचे उमेदवार एकाच यादीत येतात आणि पहिले दोघे, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, अंतिम फेरीत जातात. यादी वर्णानुक्रमाने नसते. प्रत्येक निवडणुकीपूर्वी इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांची सोडत काढली जाते, त्या क्रमाने नावे लावली जातात, आणि राज्यव्यापी पदांसाठी विधानसभेच्या एका मतदारसंघातून दुसऱ्यात जाताना सर्वांत वरचे नाव तळाशी जाऊन यादी एकेक पायरी सरकते. वरच्या नावाला आयता फायदा मिळतो हे ओळखून केलेली ही योजना मला या सेवेतील सर्वांत हुशार बाब वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्याचा एक लहानसा त्रास असा की सान होजेच्या मित्राला फोनवर “वरून अमुकवे नाव” असे सांगून उपयोग नसतो, कारण त्याच्या कागदावर तो क्रम वेगळा असू शकतो. नावाखाली पक्षाची पसंती आणि जास्तीत जास्त तीन शब्दांत व्यवसाय छापलेला असतो. ज्या मतदाराने दुसरे काहीही वाचलेले नाही, त्याला या तीन शब्दांवर निर्णय घ्यावा लागतो, आणि ते शब्द उमेदवार फार विचारपूर्वक निवडतात.

उरलेल्या मुदतीच्या यादीत मात्र केवळ सातच नावे होती. परिणाम असा झाला की त्याच दिवशी, त्याच कागदावर, त्याच मतदारांनी पूर्ण मुदतीत शिफ यांना निसटते पहिले स्थान दिले, तर उरलेल्या मुदतीत रिपब्लिकन पक्षाचे माजी बेसबॉलपटू स्टीव्ह गार्व्ही यांना. यात गूढ काही नाही. लांब यादीत रिपब्लिकन नावे अधिक असल्यामुळे त्या पक्षाची मते अधिक ठिकाणी पांगली. केटी पोर्टर आणि बार्बरा ली या दोन डेमोक्रॅटिक खासदार मागे राहिल्या, आणि शिफ यांच्या जाहिरातींनी गार्व्ही हेच मुख्य प्रतिस्पर्धी असल्याचे ठसवून त्यांना वर यायला मदत केली, ही टीका तेव्हाच झाली होती. मतपत्रिकेची रचना निवडणुकीला किती घडवते, याचा हा ढळढळीत पुरावा आहे.

आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. आमच्या ओळखीतील एक काकू नव्यानेच नागरिक झाल्या आणि त्यांनी आयुष्यातील पहिली अमेरिकन मतपत्रिका नोव्हेंबरमध्ये भरली. जेवणाच्या टेबलावर तो लांबलचक घडीचा कागद उलगडून, चष्मा पुसून, त्यांनी मला विचारले, “अरे, हे चुकून दोनदा छापलंय का? दोन्ही ठिकाणी तीच दोन नावं आहेत. दोनदा भरलं तर मत बाद नाही ना होणार?” मी म्हणालो, “नाही काकू, दोन्हीकडे भरा, त्या वेगवेगळ्या मुदती आहेत.” त्यांनी भरले, परंतु चेहऱ्यावरची शंका गेली नाही, कारण भारतात पन्नास वर्षे मतदान केलेल्या माणसाच्या डोक्यात दुहेरी शिक्का म्हणजे बाद मत हे पक्के बसलेले असते. माझ्या काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मतपत्रिकेवर मुदतीचा फरक शीर्षकात होता. दोन्ही ठिकाणी मत देता येते हे साधे वाक्य तेथे नव्हते. ते राज्याच्या माहितीपुस्तिकेत होते, आणि पुस्तिका तर वर्तमानपत्रांच्या रद्दीत गेली होती.

हा प्रश्न एकट्या काकूंचा नव्हता. नोव्हेंबरच्या अधिकृत निकालात पूर्ण मुदतीसाठी दोन्ही उमेदवारांना मिळून सुमारे 1 कोटी 53 लाख मते पडली आणि उरलेल्या मुदतीसाठी सुमारे 1 कोटी 50 लाख. उमेदवार तेच दोन असूनही सुमारे तीन लाख मतदारांनी एक चौकट भरली आणि दुसरी सोडली. काहींनी ती जाणूनबुजून सोडली असेल, हे मान्य. तरीही एवढ्या मोठ्या संख्येने लोक थबकत असतील, तर दोष कागदाकडे जातो. शिवाय 2022 मध्ये राज्याचे दुसरे सिनेटर अॅलेक्स पडिया यांच्या जागेसाठी अशीच दुहेरी स्पर्धा झाली होती, म्हणजे राज्याला सुधारणेसाठी दोन वर्षे मिळाली होती. एक ओळ छापायला ती पुरेशी होती.

राज्याची माहितीपुस्तिका हा सेवेचा दुसरा भाग. नोव्हेंबरमध्ये दहा प्रस्तावांवर सार्वमत असल्याने ती शंभराहून अधिक पानांची झाली होती आणि तिची गुणवत्ता विषयागणिक बदलत होती. प्रस्तावांचे विश्लेषण उत्कृष्ट होते: विधिमंडळाच्या तटस्थ अर्थतज्ज्ञांचा अंदाज, बाजूचा युक्तिवाद, विरोधी युक्तिवाद, त्यांची उत्तरे, आणि शेवटी कायद्याचा मूळ मसुदा. सिनेटच्या उमेदवारांच्या बाबतीत मात्र हीच पुस्तिका जाहिरातफलक बनते. उमेदवाराने शब्दाला 25 डॉलर या दराने, कमाल 250 शब्दांपर्यंत, जागा विकत घ्यायची. मजकूर त्याचा स्वतःचा. आणि त्यातील विधानांची सत्यता कोणत्याही सरकारी यंत्रणेने तपासलेली नाही अशी सूचना सोबत. ज्याने पैसे भरले नाहीत, त्याचे निवेदन नाही. प्राथमिक फेरीत 27 जणांमधून निवड करायची असताना अशा पुस्तिकेचा उपयोग मर्यादितच राहतो. सरकारी कर्जरोख्यांच्या एका प्रस्तावासाठी कित्येक पाने आणि सहा वर्षांच्या सिनेटरसाठी अर्धे पान, हे प्रमाण मला आजही खटकते.

भाषांच्या बाबतीत ही पुस्तिका उदार आहे. इंग्रजीसह ती दहा भाषांत निघते आणि त्यांत हिंदी आहे. मराठी नाही, आणि कॅलिफोर्नियातील आपली संख्या पाहता ती नजीकच्या काळात येईल असे मला वाटत नाही. परंतु ज्यांचे आई-वडील नागरिक झाले आहेत आणि इंग्रजी कायदेशीर गद्याला कंटाळतात, त्यांनी हिंदी प्रत अवश्य मागवावी. मोठ्या टायपातील आणि ध्वनिमुद्रित आवृत्त्याही विनामूल्य मिळतात, आणि डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठी त्या खरोखर उपयुक्त आहेत.

लिफाफ्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या सेवेची सगळी सुरक्षितता त्या लिफाफ्यावर आहे. परतीच्या लिफाफ्याला तिकीट लावावे लागत नाही. टपालखर्च आधीच भरलेला असतो. त्याच्या पाठीवर आपण शपथेवर सही करतो आणि तारीख घालतो. तेथे आपले नाव व पत्ता छापलेला असल्याने “मग मत गुप्त कसे?” हा प्रश्न प्रत्येक नवा मतदार विचारतो. बंद लिफाफ्यावरची सही आधी पडताळली जाते. ती मान्य झाल्यावरच लिफाफा उघडून मतपत्रिका वेगळी काढली जाते, आणि त्यानंतर कागद आणि नाव यांचा संबंध उरत नाही. ही प्रक्रिया पाहायला कोणीही नागरिक जाऊ शकतो. निवडणुकीच्या 29 दिवस आधीपासून हे काम सुरू करता येते, परंतु मतदान संपेपर्यंत, म्हणजे रात्री आठपर्यंत, एकही आकडा बाहेर देता येत नाही.

सही जुळते की नाही, याचा निकष मतदाराच्या बाजूने झुकलेला आहे आणि तो तसाच असावा. कायद्याचे गृहीतक असे की सही मतदाराचीच आहे. ती नाकारायची असेल तर दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांचे, नोंदीतील सर्व सह्यांशी ती अनेक, ठळक आणि उघड बाबतींत जुळत नाही, असे वाजवी शंकेपलीकडे एकमत व्हावे लागते. नाकारली तरी मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देणे 2018 च्या कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या लोकांना यात एक खास अडचण येते. वाहन परवान्याच्या कार्यालयात काचेच्या पट्टीवर केलेली वेडीवाकडी सही नोंदीत जाते, आणि लिफाफ्यावर मात्र आपण शाळेपासून घोटलेली, शिरोरेघेसकटची सफाईदार सही करतो. आमच्या परिचयातील एका गृहस्थांचा लिफाफा याच कारणाने अडकला. दुरुस्तीचे पत्र त्यांना वेळेवर आले, एक पानाचा अर्ज सही करून पाठवल्यावर मत मोजलेही गेले; मात्र पत्रावर दिलेला दूरध्वनी क्रमांक कार्यालयीन वेळेत सतत व्यग्र लागत होता आणि ध्वनिफितीवर पोहोचल्यावर तेथे निरोप ठेवायची सोय नव्हती. पत्राची भाषा सौम्य असली, तरी “तुमची सही जुळत नाही” हे वाचून कोणीही घाबरतो, आणि अशा वेळी माणसाचा आवाज ऐकू येणे आवश्यक असते.

मागोवा घेण्याची सोय ही या संपूर्ण सेवेतील सर्वांत समाधानकारक गोष्ट. नाव, जन्मतारीख आणि पिन कोड एवढीच माहिती देऊन नोंद केली की मतपत्रिका पाठवली, ती परत मिळाली, ती मोजली गेली, किंवा काही अडचण आली, यांचे संदेश फोनवर किंवा मेलवर येतात. मेल नको असल्यास आवाजी फोनही मिळतो. माझ्या मतपत्रिकेबाबतचा “मोजली गेली” हा संदेश वाचताना जाणवले की भारतात यंत्रावरचे बटण दाबून बाहेर पडल्यावर जी खात्री मनाशी धरावी लागते, ती येथे लेखी मिळते. परंतु ही नोंद मतदाराने स्वतः करायची असते, आणि तिची माहिती लिफाफ्यासोबतच्या कागदांत एका कोपऱ्यात होती. जी सोय सर्वांत जास्त विश्वास निर्माण करते, तीच कोपऱ्यात ठेवणे अनाकलनीय आहे.

परत देण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. टपालपेटी, काउंटीने ठिकठिकाणी बसवलेल्या जाड लोखंडी पेट्या, मतदान केंद्र, निवडणूक कार्यालय. लोखंडी पेट्यांतील कागद किमान दोन माणसांनी मिळून काढायचे असा नियम आहे. ज्यांना प्रत्यक्ष जाऊन यंत्रावर मत द्यायचे असेल, त्यांच्यासाठी केंद्रेही असतात, आणि बहुसंख्य मतदार राहतात त्या काउंट्यांत ती निवडणुकीच्या दहा दिवस आधीपासून उघडतात. काउंटीतील कोणत्याही केंद्रावर जाता येते आणि नोंदणी राहून गेली असेल तर त्याच दिवशी तेथे करता येते. बहुतेक मतदारांकडे ओळखपत्र मागितले जात नाही. बोटाला शाई आणि हातात छायाचित्रयुक्त कार्ड यांची सवय असलेल्या आपल्याला हे विचित्र वाटते, आणि त्यावर या देशात कडाक्याचा वादही आहे. ओळख नोंदणीच्या वेळी परवाना किंवा सामाजिक सुरक्षा क्रमांकावरून तपासलेली असते, एवढे येथे नमूद करतो. ग्रीन कार्डधारकांनी मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. परवाना काढताना किंवा नूतनीकरण करताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो. नागरिक नसलेल्या व्यक्तीने तेथे चुकीची खूण केली तर तिचे परिणाम पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर गंभीर होऊ शकतात.

2024 मध्ये दिवाळी आणि निवडणूक एकाच आठवड्यात आली होती, त्यामुळे अनेक मराठी कुटुंबे मतदानाच्या दिवशी पुण्या-मुंबईत होती. परदेशात असलेल्या नागरिकांसाठी वेगळी सोय आहे: आधी अर्ज केल्यास मतपत्रिका निवडणुकीच्या किमान 45 दिवस आधी पाठवली जाते आणि ती ईमेलने मागवता येते. येथपर्यंत आधुनिक. परत पाठवायची मात्र टपालाने किंवा फॅक्सने. फॅक्स! सिलिकॉन व्हॅली ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या मतदाराने सदाशिव पेठेत फॅक्स यंत्र शोधत फिरावे, हा विनोद कोणीतरी मनावर घ्यायला हवा. ईमेलने मत स्वीकारण्यातील सुरक्षेचे धोके मला मान्य आहेत, पण मग फॅक्स कोणत्या अर्थाने अधिक सुरक्षित, हे समजत नाही.

मोजणीच्या संथपणावर सर्वांत जास्त टीका होते आणि तीच मला सर्वांत कमी पटते. नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यात नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे 71 टक्क्यांनी मत दिले, आणि त्यांतील पाचपैकी चार मतपत्रिका टपाली होत्या. मतदानाच्या दिवसापर्यंत पोस्टाचा शिक्का असलेला लिफाफा सात दिवसांपर्यंत पोहोचला तरी ग्राह्य धरायचा, प्रत्येक सही पडताळायची, त्या दिवशी नोंदणी केलेल्यांनी इतरत्र मत दिले नाही ना हे पाहायचे, सही दुरुस्त करणाऱ्यांची वाट पाहायची, आणि वर एक टक्का मतदान केंद्रांची मोजणी हाताने पुन्हा करून यंत्राशी ताडून बघायची, एवढे करायचे ठरल्यावर महिना लागणारच. सिनेटचा निकाल मतदानाच्या रात्रीच स्पष्ट होता, कारण शिफ सुमारे 59 टक्के मते घेऊन जिंकले. पण अटीतटीच्या जागांवर या सावकाशपणाची किंमत वसूल होते. राज्याच्या मध्य खोऱ्यातील, अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या तेराव्या मतदारसंघात अॅडम ग्रे 187 मतांनी जिंकले आणि ते ठरायला डिसेंबर उजाडला. त्याच वर्षी मार्चमध्ये, खासदार अॅना एशू यांच्या निवृत्तीने खुल्या झालेल्या सोळाव्या मतदारसंघात, एव्हन लो आणि जो सिमिटियन दुसऱ्या स्थानावर प्रत्येकी 30,249 मतांवर बरोबरीत आले. फेरमोजणीत लो पाच मतांनी पुढे गेले. पालो आल्टो आणि माउंटन व्ह्यूमधील मराठी मंडळी याच मतदारसंघात येतात, आणि सही न जुळल्याचे पत्र केराच्या टोपलीत टाकणारा मतदार तेथे निकाल बदलू शकला असता. माझी तक्रार एवढीच की मोजणीला वेळ का लागतो, हे राज्य आधी ठणकावून सांगत नाही. मग मतदानानंतर रोज थोडे बदलणारे आकडे पाहून लोक संशय घेतात, आणि स्पष्टीकरण संशयाच्या मागून येते.

अंतिम फेरीत आणखी एक मर्यादा होती, तिचा उल्लेख आवश्यक आहे. पहिले दोघे निवडण्याच्या पद्धतीत नोव्हेंबरच्या कागदावर दोनच नावे येतात आणि रिकाम्या ओळीवर तिसरे नाव लिहिण्याची मुभा नसते. सिनेटर बार्बरा बॉक्सर यांच्या निवृत्तीनंतरच्या 2016 च्या खुल्या जागेसाठी प्राथमिक फेरीत 34 उमेदवार होते आणि अंतिम फेरीत कमला हॅरिस व लॉरेटा सँचेझ या दोन डेमोक्रॅट उरल्या; तेव्हा रिपब्लिकन मतदाराला स्वतःचे म्हणावे असे कोणीच नव्हते. प्राथमिक फेरीला फार थोडे लोक येतात, मार्च 2024 मध्ये तर साधारण 35 टक्केच, आणि तेच पुढच्या सर्वांचा पर्याय ठरवून टाकतात. हा दोष टपाली सेवेचा नाही, पण मतपत्रिका हातात येऊनही मार्चमध्ये ती न उघडणाऱ्यांनी नोव्हेंबरमधील तुटपुंज्या निवडीबद्दल कुरकुर करू नये.

ज्यांची पहिलीच वेळ असेल, त्यांच्यासाठी माझा अनुभव असा की मतपत्रिका आल्यावर पुस्तिका आणि कागद शेजारी ठेवून भरावे, वाहन परवान्यावरची सही कशी आहे ते आधी काढून पाहावे, मागोव्याची नोंद त्याच बैठकीत करून टाकावी. काउंटीच्या लोखंडी पेटीचा पर्याय उपलब्ध असेल तर शेवटच्या आठवड्यात टपालपेटीपेक्षा तोच घ्यावा, कारण टपालपेटीत टाकलेल्या पत्रावर त्याच दिवसाचा शिक्का बसेल याची हमी नसते, आणि ग्राह्यतेचा हिशेब प्रामुख्याने शिक्क्याच्या तारखेवर चालतो. शेवटच्या दिवशी टपालाखेरीज इलाज नसेल, तर टपाल कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन समोर हाताने शिक्का मारून घ्यावा. त्याला पैसे पडत नाहीत.